विहिरीवरच्या चिंध्यांची पिशवी

ती पिशवी आता नाही. मी स्वतःच ती उसवली आणि तिच्या अकरा चिंध्या जिथून आणल्या होत्या तिथे नेऊन बांधल्या. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो हसला असता. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्या हसल्या नसत्या, म्हणून त्यांनाही सांगितलं नाही.

२०१६ साली आम्ही पुण्याहून आयर्लंडला आलो. नवऱ्याची नोकरी शॅननला आणि घर शॅनन-लिमरिकच्या मधल्या एका लहान गावात. माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. दहा वर्षं बँकेत काउंटरवर बसून लोकांशी भांडलेली बाई मी, मला दुसऱ्याच महिन्यात भिंतींशी भांडायची पाळी आली. मग एक शिवणयंत्र घेतलं, शाळेत शिकलेलं क्रोशाचं विणकाम आठवून पाहिलं आणि पिशव्या करायला बसले. बाहेरून सुती दोऱ्याचं विणकाम, आतून कापडाचं अस्तर. विणलेला बंद वजनाने लांबत जातो, दोन किलो बटाटे घातले की पिशवी गुडघ्याशी लोंबायला लागते. म्हणून बंदाच्या पोटात जाड पट्टी शिवायची, ही अक्कल चार पिशव्या वाया घालवल्यावर आली. त्या संक्रांतीला लिमरिकच्या साऱ्या मराठी बायकांना मी वाण म्हणून पिशव्याच दिल्या. "एवढा पेशन्स कुठून आणतेस गं?" असं एकीने विचारलं. पेशन्स कसला, वेळ खायला उठत होता.

आमच्या घराची एक भिंत शेजारच्या आजींच्या घराची होती. आजी ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या, कमरेने अधू, आणि जिभेने माझ्याइतक्याच तिखट. रोज सकाळी त्या खिडकीत बसून वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचायच्या. हातात भिंग धरून, पान नाकाला लावून. "कोण कोण गेलं ते बघते," त्या म्हणायच्या, "माझं नाव नसलं की मग चहा टाकते." मार्च महिन्यात एकदा मी त्यांच्याकडे चहाला बसले असताना त्यांनी मला डोळ्याचं सांगितलं. डाव्या डोळ्यात, कोपऱ्याकडून, चहात दुधाचा थेंब पडल्यावर पसरतो ना, तसं काहीतरी पांढरं पसरत चाललंय. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, करण्यासारखं काही नाही. मी हळहळले आणि घरी आले. हे त्यांचं बोलणं मी घरी बोलले नाही, बोलायचं कारणही नव्हतं.

एप्रिलमध्ये आई आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. कोल्हापूरकडच्या एका खेड्यात राहतात, सासरे गेल्यापासून एकट्याच. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात. त्यांच्या गोधडीसाठी लोक चार-चार महिने थांबतात. त्या वर्षी तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या आणि विमानतळावर पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "हितं शिवायला काय हाय का, का नुसतं बसायचं?" आमचं दोघींचं फार गूळपीठ कधी नव्हतं. पण मी विणायचं आणि त्यांनी अस्तर शिवायचं असं सुरू झालं, आणि सासू-सून एका खोलीत चार-चार तास न भांडता बसू लागल्या. नवरा दारातून डोकावून बघायचा आणि हळूच निघून जायचा.

आईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं आदल्या वर्षी झाली होती आणि नजर छान आली होती. सुईत दोरा ओवायला त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. "डोळं हायत तवर मी माझ्या घरची मालकीण," त्या म्हणायच्या. "डोळं गेलं की तुमच्या दारात. त्यापरीस मेलेलं बरं." चेष्टेत म्हणायच्या, पण ती चेष्टा नव्हती हे मला माहीत होतं. त्या खेड्यातल्या दोन खोल्या, ती उन्हाची ओसरी, तिथे एकटीने आपल्या मनाने जगणं, हे सगळं त्या दोन डोळ्यांवर उभं होतं.

मे महिन्यात आजींनीच आम्हाला विहिरीचं सांगितलं. गावाबाहेर दीड मैलावर, शेताचं फाटक उघडून आत गेलं की एक जुनी पवित्र विहीर आहे, तिचं पाणी डोळ्यांना चांगलं. म्हाताऱ्या बाईला दाखवून आण, असं म्हणाल्या. नवऱ्याने रविवारी आम्हाला फाटकापाशी सोडलं आणि तो गाडीतच बसून मॅच ऐकत राहिला.

विहीर म्हणजे दगडांनी बांधलेली गुडघाभर खोल जागा. शेजारी हॉथॉर्नचं काटेरी झाड, पांढऱ्या फुलांनी भरून गेलेलं, आणि त्याच्या खालच्या सगळ्या फांद्यांना चिंध्या बांधलेल्या. रुमालांचे तुकडे, बाळाच्या कपड्याची पट्टी, पायमोज्याचा वरचा भाग. वारा चांगला सुटला होता, गवत आडवं होत होतं. पण त्या चिंध्या मात्र सरळ खाली लोंबत होत्या. मी आपलं मनाशी म्हटलं, ओल्या असतील.

आईंना ती जागा परकी वाटलीच नाही. त्यांनी चप्पल काढली, डोळ्यांना पाणी लावलं, झाडाला पाच प्रदक्षिणा घातल्या. मग झाडाखाली वाकून बघायला लागल्या. वाऱ्यापावसाने काही चिंध्या सुटून गवतात पडल्या होत्या.

"आगं, द्येवाला वाहिल्यालं कापाड पायदळी पडलंय की! पाप लागंल."

त्यांनी एकेक करून अकरा गोळा केल्या आणि पदरात घेतल्या. मी त्यांना थांबवलं का नाही? कारण मलाही तेच बरोबर वाटलं. देवीला वाहिलेली साडी देवळातून प्रसाद म्हणून मिळते, माझ्या लग्नात मी नेसले होते ती तशीच आणलेली होती. देवाच्या अंगावरून उतरलेलं कापड म्हणजे आशीर्वाद. याच्या उलट काही असू शकतं हे आमच्या दोघींच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नसेल. आणि आता खरं बोलायलाच बसले आहे तर हेही सांगते, फुकट ते पौष्टिक, हाही एक भाग होताच. जुन्या सुती कापडाचा पोत नव्या कापडाला येत नाही.

घरी आणून धुतल्या आणि हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, वाळत घातल्या. एरवी तिथे चादर तासाभरात वाळते. या चिंध्या तीन दिवस ओल्या राहिल्या. चौथ्या दिवशी आईंनी त्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून टोकाला टोक जोडलं, आणि त्या जोडदोऱ्याने मी जाड सुईवर पिशवी विणायला घेतली. ही पिशवी आईंची, गावाला नेऊन देवघरात टांगायची. तळापासून सुरुवात केली. साखळी, मग खांबांची ओळ, मग दुसरी. मधेच एक पट्टी आली, उशीच्या अभ्र्याचं कापड असावं, पांढऱ्यावर बारीक निळी फुलं. सगळ्यांत तीच चांगली टिकलेली होती. ती मी नेमकी पिशवीच्या पोटावर येईल अशी घेतली.

त्याच आठवड्यात आईंनी मला पहिल्यांदा सुई पुढे केली. "दोरा घाल जरा," म्हणाल्या. मी घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आई, डोळ्याला काही होतंय का?"

त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ह्या डाव्या डोळ्यात, ह्या कडंनं, च्यात दुधाचा थेंब पडल्यावानी दिसतंय. पांढरं पांढरं. पसरतंय."

मी हातातलं विणकाम बाजूला ठेवलं. आईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. आजींना मराठीचं येत नव्हतं. दोघींच्या मधे बोलणं व्हायचं ते माझ्याच तोंडून, आणि मी हे कधी बोलले नव्हते.

नवरा म्हणाला शुगर असेल. शुगर तपासली, नेहमीइतकीच होती. मग म्हणाला चष्म्याचा नंबर बदलला असेल. उंटावरून शेळ्या हाकायला याला कधी कंटाळा नाही. लिमरिकला डोळे तपासून घेतले. तपासणाऱ्या बाईने अर्धा तास बघितलं आणि म्हणाली, डोळे अगदी स्वच्छ आहेत, या वयाला इतके चांगले डोळे मी क्वचित बघते. आई खुर्चीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. भिंतीवरचं सगळ्यात मोठं अक्षर त्यांना डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं.

पुढे उजव्या डोळ्यातही पांढरं उतरायला लागलं, तरी शिवणं त्यांनी थांबवलं नाही. पिशवीच्या आत अस्तर घालून त्या हाताने शिवत होत्या, मान वर, नजर भलतीकडे. मला वाटलं टाके वाकडेतिकडे येत असतील, गुपचूप नंतर नीट करू. एका दुपारी त्या झोपल्यावर मी पिशवी उलटी करून बघितली. आईंचा गोधडीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, चाळीस वर्षांचा तोच. हे टाके तिळाहून बारीक होते. एका रेषेत, यंत्रालाही जमणार नाहीत असे, आणि जिथे जिथे निळी फुलं आली होती तिथे सर्वांत दाट. मी ती पिशवी खुर्चीवर ठेवली आणि उगाचच भाजी चिरायला गेले. भरदुपारी, उन्हाने भरलेल्या घरात, मला माझ्याच बैठकीच्या खोलीत परत जायची भीती वाटत होती. असल्या गोष्टींना हसणारी बाई मी, पण वाटत होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आजी चहाला आल्या. फार खुशीत होत्या. आल्या आल्या म्हणाल्या, "ऐक, महिनाभर झाला, भिंग लागत नाही मला! सगळं वाचते. मेलेल्यांचे पत्तेसुद्धा." मी किटली लावली आणि मोजू लागले. महिनाभर.

आई कोपऱ्यात शिवत होत्या. आजींनी कौतुकाने पुढे होऊन पिशवीला हात लावला, आणि तो हात तिथेच राहिला.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

आवाज अगदी हळू होता. निळी फुलं त्यांच्या उशीच्या अभ्र्याची होती, लग्नात त्यांच्या आईने दिलेल्या. आदल्या शरद ऋतूत पुतण्याला गाडीने न्यायला लावून त्यांनी ती पट्टी डोळ्याला लावली होती आणि झाडाला बांधली होती. मग त्यांनी मला ते सांगितलं. दुखऱ्या जागेला कापड लावायचं आणि बांधायचं. दुखणं कापडात जातं. कापड कुजेल तसं ते विरत जातं. ते उतरवायचं नसतं, पडलं तरी उचलायचं नसतं.

"आणि उचललं तर?" मी विचारलं.

आजींनी आईंकडे बघितलं. आई तेव्हा मांडीवर सुई चाचपडत होत्या, सुई समोरच होती.

"हे सांगून ठेवायला हवं असं माझ्या डोक्यातच आलं नाही गं," आजी म्हणाल्या. "कोण घेणार?" चहा तसाच ठेवून त्या उठल्या. दारात मी त्यांना विचारलं, आता मी काय करू. "ते मी तुला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "मला सांगायला लावू नकोस."

"काय म्हंती गोरी म्हातारी?" आईंनी विचारलं.

"पिशवी फार आवडली म्हणाल्या."

आजींचं बरोबर होतं. त्यांना ते सांगता येणार नव्हतं, कारण तेव्हा त्यांना दिसत होतं. आणि मलाही नीट कळलं होतं की मी नुसत्या चिंध्या परत करणार नाही, आजींचं दुखणंही आजींना परत करणार आहे. मी तीन दिवस विचार केला असं म्हणायला मला आवडेल. पण मी तीन दिवस विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाथरूमच्या दारावर आपटल्या, कपाळाला टेंगूळ आलं. त्या खाली बसून राहिल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, मला घरी न्हेऊन सोड. माझ्या घरात मला न दिसता बी फिरता येतंय." त्यांना मी एवढ्या वर्षांत रडताना बघितलं नव्हतं. त्याच दुपारी मी पिशवी उसवायला घेतली.

विणकाम उसवायला सोपं असतं. शेवटची गाठ सापडली की दोरा ओढायचा, सगळं भराभर सुटतं. पण आईंनी अस्तर आरपार शिवलं होतं, आणि ते तिळाएवढे टाके सुटता सुटेनात. ब्लेडने एकेक कापायला दोन दिवस लागले. एकदा ब्लेड निसटून अंगठा कापला, आणि मजा म्हणजे पांढऱ्या कापडावर रक्ताचा डाग पडला नाही. आईंना सांगितलं की बंद लांबलाय, नीट करते आहे.

बुधवारी नवरा घरून काम करत होता. त्याची गाडी घेऊन मी एकटी विहिरीवर गेले. फुलं गळून गेली होती, झाड नुसतं हिरवं, काटेरी उभं होतं. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता, गवताचं पातं हलत नव्हतं. आणि फांद्यांवरच्या चिंध्या मात्र सगळ्या हलत होत्या.

एकेका चिंधीच्या पट्ट्या जुळवून मी दहा बांधल्या. अकरावी हातात राहिली. निळी फुलं.

ही एकटीच ठेवता येईल का, असं मनात आलं. पण ही विणकामात आली त्याच आठवड्यात तर सगळं सुरू झालं होतं. त्या दिवशी सकाळीच मी आजींना खिडकीत बघितलं होतं. हात लांब करून वर्तमानपत्र धरलेलं, भिंग नाही, मजेत वाचताहेत. नवऱ्याची माणसं मला कधी आपली वाटली नाहीत असं मी माहेरी कितीदा तरी बोलले आहे. त्या फांदीखाली मात्र आपलं कोण आणि परकं कोण हे ठरवायला मला क्षणही लागला नाही. आपला तो बाब्या. मी पट्टी बांधली, आणि सुटू नये म्हणून एकावर एक दोन गाठी मारल्या. हात जोडले नाहीत. कुठल्या तोंडाने जोडणार होते?

आठ दिवसांत आईंचे दोन्ही डोळे निवळले. एका सकाळी मी खाली आले तर त्यांनी सुई स्वतःच ओवली होती आणि नवऱ्याच्या पँटची खालची शिवण घालत बसल्या होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या टाक्यांनी. मी तिथेच पायरीवर बसून पोटभर रडले. "काय झालं गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, कांदा चिरला. "कांदा कुटं हाय?" म्हणाल्या, पण पुढे विचारलं नाही. नवरा म्हणाला, बघ, म्हटलं नव्हतं, शुगरच होती. जुलैच्या सुरुवातीला आई कोल्हापूरला परत गेल्या. पिशवीचं विचारलं तेव्हा मी सांगितलं की धुताना फाटली.

नंतर मी आजींकडे जायचं टाळू लागले. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलासुद्धा त्या आत आहेत का बघून जायची. खिडकीतली त्यांची खुर्ची रिकामी दिसायला लागली, आणि मी तिकडे बघायचंच सोडून दिलं. पिशव्यांचं काम बंद पडलं होतं. सुई हातात घ्यायची आणि परत डब्यात ठेवून द्यायची.

ऑगस्टमध्ये एक दिवस त्यांनी कुंपणावरून हाक मारली. इथे वर्षातून पाच-सहा वेळा पडतं तसलं लख्ख ऊन होतं, समोरच्या भिंतीकडे बघवत नव्हतं. त्या आपल्या बागेत खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि मांडीवर घडी न मोडलेलं वर्तमानपत्र होतं. तोंड माझ्या बाजूला होतं, पण मी उभी होते त्याच्या जरा डावीकडे.

"तेवढं शेवटून दुसरं पान वाचून दाखवशील का?"

मी आत जाऊन त्यांच्या शेजारी गवतावर बसले आणि त्या दिवशी कोण कोण गेलं ते वाचून दाखवलं. नावं, गावं, मागे राहिलेली माणसं. त्या मान हलवत ऐकत होत्या. वाचून झालं तरी मला उठता येईना. मला सांगायचं होतं की मी केलं, मला माहीत असून केलं. मला त्यांची माफी मागायची होती, आणि पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा त्याच दोन गाठी मारीन हेही मला माहीत होतं, म्हणून मागता येत नव्हती. लाज वाटत होती, आणि आईंचे डोळे वाचले याचा आनंद त्या लाजेखाली तसाच जिवंत होता.

आजींनी चाचपत माझा हात शोधला आणि थोपटला.

"ग्रँड वाचतेस तू," त्या म्हणाल्या. मग उन्हाकडे तोंड वर करून म्हणाल्या, "यंदा उजेडच कमी आहे, नाही का गं?"

"हो," मी म्हटलं. "यंदा ढग फार आहेत."